माहूरच्या माणसाला ‘देऊळ’ फिका का वाटला?

प्रश्न : मी माहूरचा. गडाच्या पायथ्याशी आमचं ओटी-नारळाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. त्यानं टीव्हीवर ‘देऊळ’ लावून दिला. म्हणाला, मामा, हा तुमच्यावरच आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, पोट धरून हसाल. घरची सगळी बसलो. सुरुवातीला हसलोही. पण निम्म्यात आई उठून आत गेली, आणि संपल्यावर बायको म्हणाली, यात नवीन काय दाखवलं? मला रिकामं वाटलं आणि थोडा रागही आला. देवळाजवळ दुकान टाकणारा तो लबाड आणि दवाखाना मागणारा तेवढा शहाणा, असं हे लोक सांगतात. दवाखाना नको असं कोण म्हणतं? गेल्या वर्षी आईला रात्री जीपमध्ये घालून नांदेडला न्यावं लागलं, ते माझं मला माहीत. भाचा म्हणतो, तुम्हाला उपहासच कळत नाही. तर सांगा : पुरस्काराचा सिनेमा आवडला नाही तर चूक बघणाऱ्याची असते का? यात दत्त महाराजांची टिंगल आहे का? आणि याच जातीचा, पण आमच्यासारख्याला पटेल असा दुसरा कोणता बघावा?
— एक वाचक, माहूर

उत्तर : टिंगलीचं आधी बोलतो, कारण तिथं माझ्या मनात शंका नाही. टिंगल नाही. गावचे पुढारी भाऊ गळांडे यांच्याकडं कामाला असलेला केशा हरवलेली करडी गाय शोधत माळावर जातो, भर दुपारी झाडाखाली त्याचा डोळा लागतो आणि त्याला दत्त दिसतात. सिनेमा या दिसण्यावर एकदाही शंका घेत नाही. केशा खोटं बोलत नाही, त्याला कुणी पढवलेलं नाही, त्याला त्यातून काही मिळवायचंही नाही. तो ओरडत गावात येतो, एवढंच. गावातले अभ्यासू अण्णा त्याला समजावतात की ही तुझ्या आतली गोष्ट आहे, चारचौघांत सांगायची नसते. पण तोवर ती गावभर झालेली असते. पुढं जे होतं ते बाकीच्यांचं कर्तृत्व.

याहून सोपा रस्ता लेखकाला मोकळा होता. लुईस गार्सिया बर्लांगा या स्पॅनिश दिग्दर्शकाचा १९५७ चा एक सिनेमा आहे. त्यातल्या गावात औषधी पाण्याचं स्नानगृह आहे आणि गिऱ्हाईक आटल्यानं सगळ्या गावाचा धंदा बसलाय. मग गावची प्रतिष्ठित मंडळी एकाला संताचा वेश चढवतात आणि ठरल्या वारी दर्शन घडवायला लागतात. वार कोणता, तर गुरुवार! तुमच्या दत्ताचाच. तिथं चमत्कार पहिल्यापासून बनावट आहे, म्हणून हसणं सोपं जातं. गिरीश कुलकर्णींनी ‘देऊळ’ लिहिताना तो मोह टाळला. स्वप्न खरं आणि त्याच्याभोवतीचा बाजार खोटा, ही मांडणी जास्त अवघड होती आणि जास्त प्रामाणिकही. आईंना हे सांगा. त्या पुन्हा बघायला बसणार नाहीत, पण निदान दत्ताचा अपमान झाला हे त्यांच्या मनात राहू नये.

बर्लांगाच्या सिनेमाचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. फ्रँकोच्या राजवटीतल्या सेन्सॉरनं त्यात इतकी ढवळाढवळ केली की उत्तरार्ध भलताच झाला. पहिला अर्धा भाग धारदार आणि दुसरा बोथट. ‘देऊळ’चा उत्तरार्ध मात्र कुणी जबरदस्तीनं बदलायला लावला नव्हता.

आता भाच्याकडं वळू. तुम्हाला उपहास कळत नाही हे त्याचं म्हणणं मराठवाड्यातल्या माणसाला उद्देशून तर मुळीच शोभत नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडं ज्यांनी लहानपणापासून ऐकली, त्यांना उपहास शिकवायला पुण्याहून कुणी यायची गरज नाही. सासरच्या एकेकाला वाटेतून दूर कर म्हणून भवानीला साकडं घालणारी ती सून आठवा. नवसाच्या नावाखाली माणूस देवीकडं काय काय मागतो याची इतकी निर्दय थट्टा दुसरी नाही. आणि ती ऐकून खळाळून हसणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी ओटी घेऊन गडही चढतात. हसणारा आणि नवस बोलणारा एकाच चटईवर बसलेला असतो. तेव्हा घरात सुरुवातीला हशा झाला तो उपहास कळला म्हणूनच, आणि पुढं थांबला तोही कळला म्हणूनच, असं मी धरून चालतो.

सुरुवात खरोखर उत्तम आहे. काम नसलेली, चौकात बसून राहणारी पोरं. किशोर कदमांनी रंगवलेला महासंग्राम नावाचा वार्ताहर, ज्याला बातमी हवीच आहे. खुर्चीवर बाई सरपंच, पण शब्द भाऊंचा. आणि नाना पाटेकरांचा भाऊ खलनायक नाही, ही तर लेखकाची सगळ्यात मोठी जीत. भाऊला आधी देऊळ नकोच असतं. अण्णांनी आराखडा करून दिलेला दवाखाना मंजूर करून आणावा असंच त्याच्या मनात असतं. मग खालून पोरांचा रेटा येतो, वरून राजकारणाचं गणित येतं आणि भाऊ वळतो. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी असा पुढारी सापडेल : वाईट नाही, फक्त वारा ओळखणारा. या भागात सिनेमा गावात बसून गावाला हसतो, म्हणून तुम्हीही त्याच्याबरोबर हसलात.

मग देऊळ उभं राहतं आणि सिनेमा गावातून उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसतो. माझ्या मते तुमची निराशा नेमकी तिथं सुरू होते. दिलीप प्रभावळकरांनी अण्णा फार सुरेख केलेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार लिखाणाबद्दल आहे. अण्णा अभ्यासू, निःस्वार्थी, पहिल्यापासून बरोबर आणि शेवटपर्यंत बरोबर. त्यांच्या अंगाला कुठंही चिखल लागत नाही. एकदा असा माणूस पडद्यावर आला की बाकीचे आपोआप चुकणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही त्या रांगेत स्वतःचं दुकान बघितलंत.

याच्याशेजारी ‘सामना’ ठेवा. जब्बार पटेल, विजय तेंडुलकर, १९७५. तिथंही एक जाब विचारणारा आहे, डॉ. लागूंचा मास्तर. पण हा मास्तर दारूत बुडालेला, आयुष्यात हरलेला, आणि ज्याला जाब विचारायचा त्या हिंदूराव धोंडे पाटलाच्याच घरचं खाणारा. मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न तो सोडत नाही. निळूभाऊंचा पाटील त्याच्यापेक्षा ताकदवान आहे, कर्तबगार आहे, कधीकधी मनानं मोठासुद्धा वाटतो. त्यामुळं आपल्याला कुणी शहाणपण शिकवतंय असं वाटत नाही. आपण स्वतःच अस्वस्थ होतो.

गाडगेबाबांचं कीर्तनही असंच असायचं. ते उत्तरं सांगत नसत, समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवापुढं बकरं कापणाऱ्यांच्या गर्दीत उभं राहून ते बोलायचे आणि ती गर्दीच हसायची. स्वतःच्या हातात खराटा आणि अंगावर चिंध्या, मग ऐकणाऱ्याला कुणी वरून बोलतंय असं वाटेल कसं? आणि तुमच्या मुद्द्याच्या जवळची गोष्ट : देवळं बांधण्याऐवजी त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. म्हणजे यात्रेला येणाऱ्या माणसावर त्यांचा राग नव्हता. त्याला रात्री पाठ टेकायला जागा कुठं मिळेल, ही चिंता त्यांनी वाहिली. ‘देऊळ’मधल्या गावाला, मंगरूळला, येणारा भाविक हा फक्त गर्दी आहे. तो कुठून आला, काय दुखणं घेऊन आला, परत जाताना त्याला काय वाटलं, हे बघायला सिनेमा थांबत नाही.

आता माहूर. मंगरूळचं देऊळ नवं आहे, बघता बघता उभं राहिलेलं, आणि सिनेमाचा विषयही तोच आहे : देव कसा बसवतात. बसलेला देव पिढ्यान् पिढ्या कसा नांदतो, हा त्याचा विषय नाही. तुम्ही दुसरं बघायला बसलात आणि समोर पहिलं आलं. साडेतीन पीठांपैकी एक रेणुकेचं, दत्तशिखर, अनसूया मातेचं देऊळ, हे सगळं एका गावात. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात, ही श्रद्धा घराघरात. महानुभावांचा दत्तात्रेय वेगळा, पण त्यांनाही माहूर तितकंच पवित्र. त्याच डोंगरात सोनापीरचा दर्गा. हे कुठल्या कमिटीनं एका हंगामात उभं केलेलं नाही. त्यातलं पुढाऱ्यानं किती आणलं, भाविकांनी किती आणलं, दुकानदारांनी किती टिकवलं, हे आता वेगळं काढता येणार नाही.

आणि पोटापाण्याचं म्हणाल, तर सिनेमात जे दिसतच नाही ते एकाच गोष्टीवरून सांगतो. रेणुकामातेचा तांबूल. खलबत्त्यात विड्याची पानं, कात, बडीशेप पडते, वरून घाव बसत राहतात आणि लालसर लगदा तयार होतो. नवरात्रात तो आवाज थांबत नाही. दत्तजयंतीला पुन्हा तेच, पौर्णिमांना थोडंफार. पण आषाढातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी पाऊस लागलेला असताना तिथं कोण असतं? पानं ओली करून फडक्याखाली झाकलेली आणि वाटेकडं डोळे. उद्यापर्यंत पान टिकलं नाही तर ते फेकायचं. देवळाच्या जिवावर चालणाऱ्या धंद्याचे असे रिकामे महिने असतात, उधारी असते, शेजारच्या दुकानाशी अबोला असतो, आणि गिऱ्हाईक नसताना दुकानदार गडाकडं बघून हात जोडतो तेही असतं. ‘देऊळ’मधल्या मंगरूळला ऑफ सीझन नाही. एखादी दुपार जरी त्या रिकाम्या दुकानात बसून काढली असती, तरी तुमच्या घरात कुणी उठून गेलं नसतं.

तुमच्या पत्नींनी विचारलं, नवीन काय. त्याचं एक कारण सिनेमाच्या हातातलं नाही. २०११ मध्ये ज्यावर लोक ‘जरा जास्तच दाखवलंय’ म्हणून हसले, ते आज टेंडरच्या जाहिरातीत गंभीरपणे छापून येतं. गडावर लिफ्ट आणि स्कायवॉकच्या गोष्टी होतात, त्यात कुणाला विनोद दिसत नाही, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी त्याची गरज आहे हेही खरंच. अतिशयोक्तीवर उभा असलेला उपहास असा मागं पडतो. परिस्थिती पुढं निघून जाते.

इथवर मी तुमच्या बाजूनं बोललो. एका ठिकाणी मात्र तुम्ही सिनेमावर अन्याय करताय असं वाटतं. दवाखान्याचा मुद्दा तुम्हाला झोंबला आणि आईंना रात्री जीपमधून न्यावं लागलं हेही तुम्हीच लिहिलंत. सिनेमा तेवढंच विचारतोय : ज्या गावात एवढी माणसं येतात, एवढा पैसा येतो, तिथल्या माणसाला रात्री गाव सोडून का जावं लागतं? प्रश्न तुमचाच आहे. तुम्हाला राग आला तो प्रश्नाचा नाही, तो ज्या सुरात विचारला त्याचा. सिनेमानं देऊळ किंवा दवाखाना असा एक पर्याय निवडायला लावला, आणि तुमच्या गावात तर दोन्हीच्या गाड्या एकाच घाटातून जातात.

सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये हाच पेच दुसऱ्या तऱ्हेनं हाताळला होता. इब्सेनचं १८८२ चं नाटक घेतलं आणि त्यातल्या स्नानगृहांच्या जागी बंगालमधलं देऊळ ठेवलं. ‘गणशत्रू’ त्याचं नाव. डॉक्टरच्या लक्षात येतं की देवळाचं चरणामृत ज्या पाण्याचं बनतं ते दूषित आहे, लोक आजारी पडतायत. बाकीचे म्हणतात, तुळशीपत्र घातलेलं तीर्थ दूषित होईलच कसं? सिनेमा म्हणून तोही पुष्कळांना निराश करून गेला. हृदयविकारानंतर रायसाहेबांना बाहेर चित्रीकरण करायला डॉक्टरांची मनाई होती, त्यामुळं सगळं खोल्यांत घडतं, माणसं बसून बोलत राहतात. पण प्रश्न पाहा कसा रचलाय. डॉक्टर देवळाविरुद्ध नाही, पाण्याविरुद्ध आहे. आणि ते पाणी दुकानदाराची पोरंही पितात. तिथं दुकानदाराला शरमेनं मान खाली घालावी लागत नाही, त्याला बाजू घ्यावी लागते. ‘देऊळ’नं अशी एखादी जागा शोधली असती तर तुमच्या घरात सिनेमा संपल्यावर भांडण झालं असतं, रिकामं वाटलं नसतं.

पुरस्काराबद्दल थोडंच बोलतो. १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळालं. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडं पुन्हा यायला पन्नास वर्षं लागली, तो २००४ मध्ये ‘श्वास’ला मिळाला. मग २०११ च्या चित्रपटांत ‘देऊळ’ला, तोही एकट्याला नव्हे, ‘ब्यारी’ या किनारी कर्नाटकातल्या बोलीतल्या चित्रपटाबरोबर विभागून. त्याच वर्षी गिरीश कुलकर्णींना अभिनयाचा आणि संवादांचाही पुरस्कार मिळाला. त्या दोन्हींवर तर मीसुद्धा डोळे मिटून सही करीन. पण पुरस्कार म्हणजे काही माणसांनी त्या एका वर्षात आलेल्या चित्रपटांतून केलेली निवड. तुमच्या घरच्यांनी हसावं अशी हमी तिच्यात नसते. भाच्यानं सिनेमा लावण्याआधी ‘पोट धरून हसाल’ म्हणून सांगितलं, तिथंच निम्मी निराशा ठरून गेली. शहरातले लोक असे सिनेमे गावाकडच्यांना दाखवताना ‘हा तुमच्यावर आहे’ म्हणतात, तेही जरा थांबवायला हवं. ‘देऊळ’ पुण्यातल्या भाच्यावरही आहे. सुट्टीत दर्शनाला येऊन, रांग मोडून, मोबाइलवर फोटो काढून, बाजार फार झाला हो म्हणत परत जाणारा तोही त्या गर्दीतच आहे.

आता काय बघावं. ‘देऊळ’च्याच दिग्दर्शक-लेखक जोडगोळीचा ‘वळू’ (२००८) आधी बघा. गावात मोकाट सुटलेला देवाचा बैल आणि त्याला पकडायला आलेला वनअधिकारी, एवढाच विषय. तिथं कुणीच शहाणं नाही, त्यामुळं सगळेच हसण्याजोगे आणि सगळेच आपले वाटतात. त्यानंतरचा ‘विहीर’ संथ आहे, तो तूर्त राहू द्या.

पैनगंगेच्या पलीकडचा हवा असेल तर सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). केशा झालेले गिरीश कुलकर्णी इथं किसना नावाचे कापसाचे शेतकरी आहेत. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यापासून किसनाच्या बायकोला धसका बसतो की आता आपलाही नवरा तेच करणार. ती त्याच्यावर चोवीस तास पाळत ठेवते, त्याला खुश ठेवायला धडपडते. किसनाच्या डोक्यात तसलं काहीच नसतं, आणि घरात हे काय चाललंय ते त्याला कळत नाही. सोनाली कुलकर्णीनं ती बायको केली आहे. हसू येतं आणि हसल्याबद्दल अपराधी वाटतं. तुमच्याकडच्या लोकांना त्यातली बोली, माती, पावसाची वाट बघणं समजावून सांगावं लागणार नाही. आई बसतील का, हे मात्र तुम्ही ठरवा, विषय जड आहे.

चैतन्य ताम्हणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये आपल्याकडं लागला. त्यालाही सुवर्णकमळ आहे, व्हेनिसचे पुरस्कार आहेत, आणि त्याच्याबद्दलही ‘काही घडतच नाही’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं येतात, जातात, तारखा पडतात. पण बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढं ढकलणारे न्यायाधीश बघा. कुणी अण्णा शेजारी उभं राहून हे चूक आहे असं सांगत नाही. ज्यांनी कोर्टात, तहसीलमध्ये खेटे घातलेत त्यांना तो संथ वाटणार नाही. फक्त दिवसभर दुकानात उभं राहून रात्री दहाला लावू नका, झोप लागेल. पावसाळ्यात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बघा, आणि भाचा गावात नसताना.